श्वास मोजायचा, मग औषध

1980 च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीच्या खेड्यांत तान्हं मूल धापा टाकू लागलं की ‘डबा’ झाला म्हणायचे. दवाखाना लांब, एक्स-रे त्याहून लांब. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं, हातात को-ट्रायमोक्झॅझोल दिलं. फार पुढे मोजता न येणाऱ्या दायांसाठी एक साधं यंत्रही केलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. उपचार झालेल्या 612 आजारपणांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं. जिथे कार्यक्रम नव्हता तिथे 13.5 टक्के.

ही गोष्ट आपण औषध गावात पोहोचल्याची म्हणून सांगतो. मला तिची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजायचा. त्याहून कमी असतील आणि छाती आत ओढली जात नसेल, इतर धोक्याची लक्षणं नसतील, तर तो सर्दी-खोकला, अँटिबायोटिक नाही. औषध कुणाला द्यायचं नाही हेही तो मणीच सांगत होता.

तालुक्याच्या ओपीडीत आज औषधाची वानवा नाही, मिनिटाची आहे. आई रोज बुडवून आलेली, ताप दुसऱ्या दिवशीचा, ‘छाती भरलीय, जरा स्ट्राँग द्या’ हे आधीच सांगून झालेलं. बाळाचा सदरा वर न करताच ॲझिथ्रोमायसिन नाहीतर सेफिक्झिम लिहून होतं. खरं तर मूल आईच्या मांडीवर शांत असताना पोट-छातीची हालचाल पूर्ण मिनिट बघायची असते. रडत असेल तर थांबायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं नको, कारण बाळं एकसारखा श्वास घेत नाहीत. इकडे घरी पावडरीत पाणी घालून केलेली अर्धी बाटली फ्रीजच्या दारात उरते आणि पुढच्या सर्दीला, किंवा धाकट्याला, निघते. आठवडाभरानंतर ती टाकायची असते हे बाटलीवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

दरम्यान औषधाचा कोर्सही आखूड झाला. भारतातल्या चाचणीत (बीएमजे, 2004) साध्या न्यूमोनियाला तीन दिवसांच्या अमॉक्सिसिलिनने 89.5 टक्के मुलं बरी झाली, पाच दिवसांच्या कोर्सने 89.9. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने को-ट्रायमोक्झॅझोल मागे सारून अमॉक्सिसिलिन पुढे आणलं. मग 2020 साली कराचीच्या वस्त्यांमधली चाचणी आली: नुसताच श्वास जलद असलेल्या मुलांत औषधाविना 4.9 टक्क्यांची तब्येत सुधारली नाही, औषध घेणाऱ्यांत 2.6 टक्क्यांची. म्हणजे एका मुलाचं बिघडणं टाळायला 44 जणांना औषध. हा आकडा दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात. मला त्यातून एवढंच दिसतं की जलद श्वास ही खूण ढोबळ आहे. तापाने श्वास वाढतो. घरघर असेल तर आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊन पुन्हा मोजावं लागतं.

सरकारने मधल्या काळात बरंच केलं. हिब आणि न्यूमोकोकलच्या लसी आल्या (दुसरी 2017 पासून टप्प्याटप्प्याने, 2021 मध्ये देशभर) आणि माझ्या मते खरा फरक त्यांनीच पाडला. 2014 पासून ‘शेड्यूल एच-1’ लागू झालं, केमिस्टकडे वेगळं रजिस्टर आलं. सेफिक्झिम त्या यादीत आलं, ॲझिथ्रोमायसिन बाहेर राहिलं! शिवाय सगळा धाक दुकानदाराला. चिठ्ठी लिहिणारा हात मोकळाच.

त्या हाताचीही अडचण आहे. अँटिबायोटिक न देता घरी पाठवलेल्या मुलाच्या आईला नीट सांगावं लागतं: दूध सोडलं, श्वास वाढला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला तर रात्री असलं तरी या, नाहीतर दोन दिवसांनी दाखवून जा. ती येणार नाही या भीतीनेच पुष्कळदा बाटली लिहिली जाते. आणि दोन दिवसांनी आली की खाजगी दवाखान्यात पुन्हा फी पडते. जिथे ही दुसरी फी घेत नाहीत, तिथे आया ‘जरा स्ट्राँग द्या’ म्हणताना मी कमी ऐकल्या आहेत.