फी कमी, पगार चांगला; पण मधल्या तीन वर्षांचं काय?

एडिसन असो वा फ्रिमाँट, जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेल्या मराठी माणसांच्या मनात, मुलं शाळेत रुळली की एक विचार डोकावतो: कम्युनिटी कॉलेजातून आरोग्यसेवेतली दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यावी का? रेस्पिरेटरी थेरपिस्ट, एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट, सोनोग्राफर, डेंटल हायजिनिस्ट, अशी ही कामं. मला हा मार्ग मनापासून चांगला वाटतो, म्हणूनच त्याचा हिशोब नीट मांडावासा वाटतो.

फी खरोखरच कमी आहे. स्थानिक रहिवाशाला देशभरात सरासरी वर्षाला चार हजार डॉलरच्या आसपास. कॅलिफोर्नियात एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे साठ युनिटांची पदवी २,७६० डॉलरमध्ये. पगारही चांगले आहेत. अमेरिकी श्रम खात्याच्या २०२३च्या आकडेवारीत रेस्पिरेटरी थेरपिस्टचा मध्यक पगार सुमारे ७८ हजार डॉलर होता, सोनोग्राफरचा ८४ हजारांवर, डेंटल हायजिनिस्टचा ८७ हजारांवर. मध्यक म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी मिळतं, आणि नवखा माणूस बहुधा त्या निम्म्यातच असतो. मेडिकल असिस्टंटचा मध्यक मात्र ४२ हजारच होता. कोर्सची नावं सारखी वाटतात, म्हणून हा फरक आधीच पाहून ठेवावा.

आता वेळेचं बघू. ‘दोन वर्षं’ मोजली जातात ती प्रवेश मिळाल्यापासून. त्याआधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असे विषय चांगल्या ग्रेडने पूर्ण करावे लागतात आणि त्यातच एक वर्ष सहज जातं. भारतातली बीएस्सी असली तरी मार्कशीटचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि जुने विज्ञान-विषय अनेक कॉलेजं स्वीकारत नाहीत. प्रत्यक्ष कोर्सला जागा मोजक्याच, कारण हॉस्पिटलं ठरावीक विद्यार्थ्यांनाच क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, घेतात. क्लिनिकलची वेळ पहाटे सुरू होणारी, दिवसभराची आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे मी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. दुकानात काम करणाऱ्या एका बाईच्या हाती कर जाऊन वर्षाला २६ हजार डॉलर येतात. पहिल्या वर्षी ती अर्धवेळ काम करते, म्हणजे १३ हजार गेले. पुढची दोन वर्षं काम पूर्ण बंद, ५२ हजार गेले. तीन वर्षांची फी १२ हजार. पुस्तकं, स्क्रब्ज, लसी, पार्श्वभूमी-तपासणी, परीक्षा आणि लायसन्सचे चार हजार. एकूण ८१ हजार, आणि त्यात फी जेमतेम सातवा हिस्सा. नोकरी लागल्यावर हाती ५० हजार आले तर दरवर्षी २४ हजार वाढीव. म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत सगळं वसूल. तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी हा सौदा उत्तमच आहे. जी आज नोकरी करत नाही तिचा बुडालेला पगार शून्य, पण तिथे डेकेअरचा खर्च येतो; तो सोडू नका.

याच आकड्यांवरून खाजगी कॉलेजचाही निर्णय करता येतो. ‘आमच्याकडे लगेच प्रवेश’ असं सांगून ती कितीतरी पट फी घेतात. आपल्या उदाहरणात एक वर्ष थांबण्याची किंमत २४ हजार आहे. खाजगीची जास्तीची फी त्याहून अधिक असेल तर कम्युनिटी कॉलेजच्या प्रतीक्षायादीत थांबणंच स्वस्त.

सगळ्यात मोठा धोका अर्ध्यात सुटण्याचा. तसं झालं तर खर्च होतो आणि वाढीव पगाराचा एक डॉलरही येत नाही. म्हणून कोर्सला मान्यता आहे का हे पाहाच: रेडिओग्राफीला जेआरसीईआरटी, रेस्पिरेटरीला सीओएआरसी, डेंटल हायजिनला कोडा. जेआरसीईआरटीची मान्यता असलेल्या कोर्सला किती विद्यार्थ्यांनी शिक्षण पूर्ण केलं, किती परीक्षा पास झाले, किती जणांना नोकरी लागली, हे जाहीर करावंच लागतं. पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत आधी वाचा. वीसपैकी बाराच शेवटपर्यंत पोचत असतील, तर त्या बारांच्या परीक्षेच्या उत्तम निकालावर भुलू नका.

व्हिसाचा प्रश्न मात्र फी भरण्याआधीच सोडवावा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण काम करायला परवाना लागतो. २०१५पासून तो मिळतो, तोही जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल अशा काही परिस्थितींतच. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची शिक्षण-मदत एच-४ ला नाही, ग्रीन कार्डधारकाला उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर आहे. २०२४-२५मध्ये तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती, म्हणजे सरासरी फीपेक्षा जास्त. ग्रीन कार्ड वर्षभरावर आलं असेल, तर हे वर्ष पूर्व-विषयांना द्यावं आणि मुख्य कोर्स कार्ड हाती आल्यावर सुरू करावा.