परभणीची पोरं भाताच्या देशात

बँकॉक, २०२३

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी सुवर्णभूमी विमानतळावर उतरले, तेव्हा घड्याळ दीड तास पुढे गेलं आणि कॅलेंडर ५४३ वर्षं. थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो. २०२३ म्हणजे इथलं २५६६ साल. जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांच्या पैशातून चाललेल्या ‘नाहेप’ (राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण) प्रकल्पातून परभणीत ड्रोन, यंत्रमानव आणि डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं. मराठवाड्यातल्या पोरांना परदेशी प्रशिक्षणाची वाट सापडली ती त्यातूनच. मुक्काम बँकॉकच्या उत्तरेला, पथुम थानी प्रांतातल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत.

पहिला दिवस नोंदणी, खोल्या आणि सिमकार्डात जातो. खरी परीक्षा जेवणाची. नुसती भाजी मागितली तरी तिच्यात माशाचा सॉस पडलेला असतो. त्यामुळे शाकाहारी मुलांनी लाल अक्षराचा पिवळा झेंडा लावलेली गाडी शोधायची. तिथे मांस-मासळी सोडाच, कांदा-लसूणही वर्ज्य. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं. सार्वजनिक ठिकाणी माणसं असतील तिथे उभी राहतात. नमस्कार मात्र आपल्यासारखाच, हात जोडून. लहानाने आधी करायचा.

संस्थेबाहेर पडलं की कालवे लागतात. रंगसित भागातले हे कालवे १८९० च्या सुमारास राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळात एका खासगी कंपनीने खोदले आणि काठची जमीन विकून पैसा उभा केला. कालव्यांना नावांऐवजी नंबर आहेत: पहिला, दुसरा, तिसरा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतं याकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांतल्या मुलांना भरलेल्या कालव्यांचं अप्रूप वाटलं. पण या सपाट प्रदेशात पाणी आणण्याइतकीच ते बाहेर काढण्याचीही चिंता असते. २०११ च्या पुरात ही संस्थाच पाण्याखाली गेली होती.

पाणी असेल तिथे वर्षाला भाताची दोन पिकं निघतात. शेतकरी म्हातारे झालेत, तरुण शहरात गेलेत. म्हणून फवारणीला ड्रोन आणि कापणीला भाड्याचं यंत्र. एवढं पाहून सेलूकडच्या एका मुलाने विचारलंच, “सर, इथं हमीभाव आहे का?”

त्याचं उत्तर थायलंडच्या राजकारणातून जातं. २०११ मध्ये यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने साध्या भाताला टनामागे १५,००० बाट दर लावला. बाजारभावापेक्षा तो निम्म्याने जास्त होता, आणि येईल तेवढा माल घ्यायची सरकारची तयारी होती. आपण साठा धरून ठेवला की जगात भाव चढेल, असा हिशोब होता. पण त्याच वर्षी भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात खुली केली. भाव चढला नाही, गोदामं भरली. २०१२ मध्ये निर्यातीतला पहिला क्रमांक थायलंडकडून भारताकडे गेला. पुढे शेतकऱ्यांचे पैसे थकले, तेव्हा फेब्रुवारी २०१४ मध्ये ते ट्रॅक्टर घेऊन याच सुवर्णभूमी विमानतळाकडे निघाले आणि आश्वासन घेऊन वाटेतून परतले. मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली. २०१७ मध्ये यिंगलक यांना निष्काळजीपणाबद्दल त्यांच्या गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सरकारने माल न घेण्याची योजना आणली. ठरवलेला दर आणि बाजारभाव यांतला फरक ते शेतकऱ्याच्या खात्यात भरायचं. आपल्याकडे ज्याला भावांतर म्हणतात, तेच.

सोयाबीनचा हमीभाव जाहीर होऊनही खरेदी केंद्रावर माल घेतला जात नाही, ही परभणीची तक्रार. इथे सरकारने सगळा माल घेतला आणि तो विकता येईना. उद्यापासून ड्रोनचे वर्ग सुरू होतील आणि पोरं ते तंत्र पटकन उचलतील. फवारणीची मजुरी त्याने वाचेलही. पिकाचा भाव मात्र परभणीत काय आणि पथुम थानीत काय, सरकार आणि बाजार यांच्या ओढाताणीतच ठरणार आहे. या दौऱ्याच्या वेळापत्रकात त्याचाही एक तास हवा होता.