मास्तरकी सोडून पडद्यावर: ब्रेंडन ग्लीसन

जन्म १९५५, डब्लिन. पेशाने शिक्षक; हौशी रंगभूमी सांभाळत वर्गात इंग्रजी शिकवायचे. पस्तिशीच्या आसपास नोकरीला रामराम ठोकला. ‘ब्रेव्हहार्ट’मधला (१९९५) धिप्पाड हॅमिश अनेकांना आठवत असेल, पण खरं नाव झालं ते ‘द जनरल’मुळे (१९९८). त्यात त्यांनी डब्लिनचा कुप्रसिद्ध दरोडेखोर मार्टिन काहिल रंगवला. याच काहिलने दिग्दर्शक जॉन बूरमन यांचं घर फोडून त्यांची गोल्ड रेकॉर्ड लांबवली होती. बूरमन यांनी ती चोरीही चित्रपटात घेतली!

दूरचित्रवाणीवर १९९१मध्ये आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकल कॉलिन्स साकारला. पुढे ‘इनटू द स्टॉर्म’मध्ये (२००९) चक्क चर्चिल. आयरिश नटाला एमी मिळावं तेही चर्चिलसाठी, ही गंमतच.

‘हॅरी पॉटर’मधले मॅड-आय मूडी तेच. मुलगा डोनल त्याच मालिकेत बिल वीझली झाला.

फिडल उत्तम वाजवतात. ‘द बॅनशीज ऑफ इनिशेरिन’मध्ये (२०२२) त्यांचा कोल्म ज्या धूनसाठी मैत्री तोडतो, ती त्यांनीच रचली. ऑस्करचं पहिलं नामांकन याच भूमिकेला. फारच उशिरा, असं आमचं मत.