मेट्रो येतेय... पण मी निघाले!

पिंपरी ते निगडी. जेमतेम साडेचार किलोमीटर. पण आमच्या घरात याच साडेचार किलोमीटरवरून वर्षभर चर्चा चालली होती!

रविवारी सकाळी साडेसहाला तुम्ही काय करता? झोपता, अर्थात. आमचे बाबा डोक्याला कानटोपी चढवतात, खिशात छोटी डायरी टाकतात आणि निगडीच्या टिळक चौकाकडे चालू लागतात. मेट्रोचे खांब बघायला! आधी वाटलं, रिटायर्ड माणसाचा टाइमपास असेल. मग २०२५च्या जानेवारीत एका रविवारी मीही त्यांच्या मागे गेले. कारण मला एक उत्तर हवं होतं आणि ते बाबांच्या डायरीत मिळेल असं वाटत होतं.

प्रश्न साधा होता. मी फ्रीलान्सर. माझ्या सगळ्या मीटिंगा कल्याणीनगर, कोरेगाव पार्क नाहीतर डेक्कनला. दोन मैत्रिणींनी एरंडवण्यात फ्लॅट बघितला होता आणि तिसरी पार्टनर हवी होती. भाडं, डिपॉझिट, लाइट बिल मिळून माझ्या महिन्याच्या कमाईचा चांगला एक तृतीयांश जाणार. आई म्हणायची, "कशाला उगाच पैसे घालवतेस? मेट्रो येतेयच की दाराशी!" येतेय हे कबूल. पण कधी?

निगडीकरांचं हे दुखणं जुनं आहे. पुणे मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१६ मध्ये. ६ मार्च २०२२ला पीसीएमसी ते फुगेवाडी गाडी धावली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती सिव्हिल कोर्टापर्यंत पोचली आणि २९ सप्टेंबर २०२४ला भुयारातून थेट स्वारगेटला. सगळं छान. पण नावात पिंपरी-चिंचवड आणि मेट्रो पिंपरीतच संपते! चिंचवड, आकुर्डी, निगडी कोरडेच. निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली २०२३च्या ऑक्टोबरात, भूमिपूजन झालं ६ मार्च २०२४ला. खर्च सुमारे ९१० कोटी.

आता माझा प्रवास बघा. घरातून निघून पीसीएमसी स्टेशनपर्यंत बस किंवा रिक्षा. जुन्या हायवेवर मधोमध पत्रे ठोकलेले, त्यामुळे हे साडेचार किलोमीटर कधी पंधरा मिनिटांत होतात, कधी चाळीस. पुढे मेट्रोत एकदम स्वर्ग. एसी, पुस्तक, खिडकी. सिव्हिल कोर्टला उतरायचं, जमिनीखाली तीस मीटरपेक्षा खोल असलेल्या त्या स्टेशनातून सरकत्या जिन्यांनी वर-वर-वर जायचं आणि रामवाडीची गाडी पकडायची. म्हणजे सगळ्यात लांबचा टप्पा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जवळचाच डोकेदुखी. रात्री दहाला परत येताना तर विचारूच नका. पीसीएमसीच्या बाहेर उभं राहून रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यात माझ्या तिशीआधीचा बराच काळ गेलाय.

तर त्या रविवारी बाबांनी मला रस्त्याचा क्लासच घेतला. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, त्यामुळे 'मिलीमीटर' हा त्यांचा आवडता शब्द. पत्र्याच्या फटीतून आत बोट दाखवत म्हणाले, "हे मशीन दिसतंय ना, ते खाली खडक लागेपर्यंत भोक पाडतं. त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा, काँक्रीट भरायचं. अशा चार-सहा पाइलांवर एक जाड ठोकळा, त्यावर खांब, खांबावर टोपी."

"मग इतके महिने काहीच दिसत नव्हतं ते?"

"तेव्हाच तर खरं काम चालू होतं! लोकांना खांब दिसला की वाटतं, सुरू झालं."

पिंपरी-दापोडीचं काम चालू होतं तेव्हाही हा माणूस कारखाना सुटल्यावर थांबून बघायचा. रात्री ट्रेलरवरून सेगमेंट यायचे, लाँचिंग गर्डर ते एकेक करून वर उचलायचा. सांध्यांना इपॉक्सी लावून ते एकमेकांना चिकटवायचे आणि आतून पोलादी केबल ओवून ताणायच्या. "माळेसारखं," बाबा म्हणाले. खरं सांगते, रोज शिव्या घालत ज्या पुलाखालून मी गेले, तो असा ओवलेला आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

चहाच्या टपरीवर मी मुद्द्यावर आले. "बाबा, मी थांबू का?"

त्यांनी डायरी उघडली. खांबाचं ठिकाण, तारीख, काय झालं, सगळं ओळीत. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "सगळे खांब उभे राहिले तरी गाडी येत नाही गं. वर सेगमेंट, मग रूळ, विजेच्या तारा, सिग्नल, स्टेशनं. मग ट्रायल. मग सेफ्टी कमिशनर येऊन तपासणार. तो हो म्हणेल तेव्हा तिकीट." डायरी मिटली. "तू जा."

मला वाटलं होतं, ते 'थांब' म्हणतील. मी तेच ऐकायला गेले होते बहुतेक.

आई महिनाभर फुरंगटली होती. एप्रिलमध्ये मी दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन एरंडवण्यात आले. चुकलं का? काही महिन्यांत भाडं देताना हात थरथरतो, पण मीटिंगला आता मी घामाघूम न होता पोचते. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली तेव्हा मात्र मला घरी असायचं होतं. दरवर्षी आम्ही तिघं हायवेवर उभे राहून दर्शन घेतो. या वेळी एक डेडलाइन आडवी आली आणि आईने फोनवर नुसता टाळांचा आवाज ऐकवला.

ब्रोकर मंडळींनी मात्र मेट्रो कधीच सुरू केलीय! 'स्टेशनपासून ५ मिनिटं' अशा पाट्या खांबांच्याही आधी लागल्या. तुम्ही त्या भागात घर बघत असाल तर एक करा. ब्रोकरला सोडा, रविवारी सकाळी स्वतः चालत जा. तुमच्या चौकात पाइल चालू आहेत, टोपी बसलीय की वर सेगमेंट चढलेत, एवढं बघितलं तरी बराच अंदाज येतो.

किंवा बाबांना विचारा. त्यांनी आता डायरीसोबत मोबाइलही धरलाय. दर रविवारी सात वाजता, मी गाढ झोपेत असताना, व्हॉट्सअॅपवर एक तिरका फोटो येतो. मागच्या रविवारी होता आकुर्डीच्या खंडोबा माळ चौकाजवळचा. खाली लिहिलं होतं, 'काम बरं चाललंय. आई विचारते, कुकरची रिंग मिळाली का?'