दोन मिलिमीटर, आठ मिलिमीटर

दोन वर्षांच्या मुलाच्या हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी रोहिणी जेमतेम २ मिलिमीटर रुंद असते, मोहरीच्या दाण्याएवढी. या वयात हृदयाचे ठोके मिनिटाला ११०च्या आसपास पडतात, म्हणजे दिवसाला दीड लाखाहून जास्त. त्यातल्या प्रत्येक ठोक्याला लागणारा प्राणवायू या चिंचोळ्या वाटेनेच येतो. कावासाकी आजारात या वाटेची भिंत सुजते आणि दोन-तीन आठवड्यांत तिला फुगा येऊ शकतो. हाच अ‍ॅन्युरिझम. त्याची रुंदी ८ मिलिमीटरवर पोचली की डॉक्टर त्याला ‘जायंट’ म्हणतात. आठ मिलिमीटरला जायंट!

पण हिशेब करून पाहा. २ चे ८ झाले, म्हणजे रुंदी चौपट. आतली जागा मात्र सोळापट. रक्त तेवढंच, जागा सोळापट, म्हणून त्याचा वेग सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्तदाब तोच असला तरी भिंतीवरचा ताण चौपट होतो, आणि ज्या लवचीक थराने तो सोसायचा, तो सुजेने आधीच खाल्लेला असतो.

तरीही हा फुगा फुटल्याचं क्वचितच दिसतं. घात होतो तो गुठळीने. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात गुठळी बनवणाऱ्या दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. कावासाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप उतरलेला असतो, मूल खेळायला लागलेलं असतं, आणि नेमका तेव्हा हा आकडा १० लाखांवर जाऊ शकतो. ८ मिलिमीटरच्या गोल फुग्यात साधारण २६८ घन मिलिमीटर रक्त मावतं. म्हणजे एका वेळी २६ कोटींहून अधिक प्लेटलेट, आणि त्याही जवळजवळ थबकलेल्या रक्तात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हार्ट अटॅक येतो तो असा.

टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी या आजाराचा पहिला रुग्ण पाहिला १९६१च्या जानेवारीत. चार वर्षांचा मुलगा होता. त्यांनी घाई केली नाही. एकेक रुग्ण जमवत १९६७ साली पन्नास मुलांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. आजार हृदयापर्यंत पोचतो हे पुढे उमगत गेलं. १९८२ या साथीच्या वर्षात जपानमध्ये १५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. अलीकडच्या काळात तिथे पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला ३०० हून अधिक रुग्ण सापडू लागले. अमेरिकेत हाच आकडा २० ते २५ आहे. इतकी वर्षं शोधूनही कारण हाती आलेलं नाही. उपचार मात्र आहे, आणि तो चांगलाच गुणकारी आहे.

उपचार न झालेल्या शंभर मुलांपैकी २० ते २५ जणांना कोरोनरीत फुगा येतो. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध, दिलं तर चार-पाच जणांनाच. मात्रा असते किलोमागे २ ग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला २० ग्रॅम, दहा-बारा तास सलाइनसारखं हळूहळू. हे २० ग्रॅम अँटिबॉडी मिळवायला चार-पाच लिटर प्लाझ्मा लागतो. त्या मुलाच्या अंगातलं सगळं रक्त पाऊण लिटरच्या आसपास! शिवाय हे औषध हजाराहून अधिक दात्यांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मातून बनतं. हजार अनोळखी माणसं एका लेकरासाठी धावून येतात. मला या सगळ्या हिशेबात हा आकडा सर्वांत मोठा वाटतो.

फुगा आलाच, तरी निम्म्याहून अधिक फुगे वर्ष-दोन वर्षांत आकसतात. जायंट मात्र सहसा आकसत नाहीत. त्या मुलांना गुठळी रोखणारी औषधं आणि तपासण्या जन्मभर.

तेव्हा सगळं येऊन ठेपतं ते पहिल्या दहा दिवसांवर, आणि आपल्याकडे तेच दिवस वाया जातात. कुणी म्हणतं गोवर, कुणी म्हणतं दात येताहेत, कुणी अँटिबायोटिक बदलून पाहतं. म्हणून आईबाबांनो, आजीआजोबांनो, एवढं लक्षात ठेवा. ताप पाच दिवसांपर्यंत लांबला आणि डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेत, जीभ लालभडक आहे, अंगावर पुरळ आहे, हातपाय सुजलेत किंवा मानेत गाठ आहे, तर थांबू नका. तान्ह्या बाळाच्या दंडावरची बीसीजीची जुनी खूण अचानक लाल झाली, तर तीही दाखवा. सहा महिन्यांखालच्या बाळात तापाखेरीज फारसं काही दिसतही नाही. बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: कावासाकी असेल का, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा का? तो एको मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा मोजतो, आणि त्यात मुलाला एक सुईही टोचावी लागत नाही.