मुदत चुकली म्हणजे काय होते?

कर्ज काढणे हा शेतीच्या धंद्यातील दोष नव्हे. बी-खताचा खर्च मृगात होतो व सोयाबीनचा पैका दिवाळीच्या सुमारास हाती येतो. मधले महिने कोणाच्या तरी पैशावर काढावेच लागतात. दोष उपजतो तो मुदत विसरण्यात. ह्याचा दाखला आपल्या वऱ्हाडास दूर शोधावयास नको. निजामसरकारकडे कंटिंजंट फौजेच्या खर्चाचे देणे थकले, त्यापोटी 1853 साली वाशीमसह वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे 1902 साली तो सालिना 25 लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. कारभार मूळ धन्याकडे परतला नाही. राजाची ही गत, तर पाच एकरांच्या खातेदाराने किती जपावे!

मुदत चुकल्याचा पहिला फटका व्याजात बसतो. 3 लक्षांपर्यंतचे पीककर्ज शेकडा सालिना 7 दराने मिळते. वेळेवर फेडणारास केंद्राची 3 टक्के सूट आहे, व उरलेले व्याज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार सोसते. म्हणजे नियमित खातेदारास पैसा जवळजवळ फुकट पडतो. मुदत टळताच ह्या सवलती जातात. देणे दोन हंगाम थकले की बँक खाते थकबाकीदारांत घालते, व पुढल्या पेरणीस कर्ज मिळणे बंद होते. तिसरी पायरी वसुलीची. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली दाखला मिळाला की जप्ती व लिलावापर्यंत मजल जाते. जामीनदारही त्यातून सुटत नाही. महसूल खात्यात असता आम्ही पुष्कळ सातबारे पाहिले; 'इतर हक्क' रकान्यातील बोजा देणे फिटल्यावाचून निघत नाही, हे वाचकांनी पक्के जाणावे.

परंतु खरा नाश ह्यापुढे आहे. बँकेचे दार लागले म्हणजे मनुष्य सावकाराकडे किंवा हल्ली मोबाईलवरील झटपट कर्जाकडे वळतो. शेकडा दरमहा 5 हा दर ऐकावयास लहान. पण 10,000 रुपयांवर त्याचे वर्षाचे व्याज 6,000 होते, बँकेच्या 7 टक्क्यांनी ते 700 होते. झटपट कर्जाची मुदत तर पंधरा दिवसांची. समजा, 10,000 वर दर खेपेस 1,500 भरून मुदत वाढविली. चार खेपांत 6,000 जातात व मुद्दल जागच्या जागी राहते.

ह्यावर कायद्याचा आधार आहे. 2014 च्या सावकारी कायद्यान्वये परवानेदार सावकारासही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर 9 व बिनतारणी कर्जावर 12 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असल्यास पंधरा वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, व सावकारी सिद्ध झाल्यास जमीन परत मिळते. तथापि गेलेली जमीन सोडविण्यापेक्षा ती न जाऊ देणे शहाणपणाचे. म्हणून 'नावापुरते' खरेदीखत कोणीही करून देऊ नये. निव्वळ कर्ज न फिटणे हा फौजदारी गुन्हा नव्हे. तुरुंगाची धमकी देणारास भिऊ नये. मात्र कोरा धनादेश कधीही देऊ नये, कारण तो न वटल्यास फौजदारी होऊ शकते.

कित्येक बंधू कर्जमाफीची वाट पाहतात. 2008, 2017 व 2019 साली माफी झाली हे खरे; पण प्रत्येक वेळी तारखा व अटी निराळ्या होत्या, आणि तोवर व्याज चढतच असते.

पाऊस दगा देतो हे आम्ही जाणतो. पैसेवारी पन्नास पैशांखाली गेली व सरकारने सवलती जाहीर केल्या म्हणजे कर्जाचे पुनर्गठन मागता येते. म्हणून अडचण दिसताच, मुदत टळण्याआधी, सोसायटीच्या चिटणीसास गाठावे, अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी व भरण्याची प्रत्येक पावती जपून ठेवावी. तोंड चुकविल्याने देणे चुकत नाही; ते वाढते मात्र.