एकच रील, बारा ठिकाणी

थालीपिठाची रील इन्स्टाग्रामवर टाकली, तीच उचलून यूट्यूब शॉर्ट्सवर आणि फेसबुकवर चिकटवली, की काम फत्ते? कंपन्यांना हे पाहुणे फारसे रुचत नाहीत. दुसऱ्या ॲपचा शिक्का दिसणारी रील आपण कमी लोकांपुढे नेऊ, असं इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२१मध्येच सांगितलं. रोख अर्थात टिकटॉकवर होता.

भांडण त्याहून जुनं. डिसेंबर २०१२मध्ये इन्स्टाग्रामचे फोटो ट्विटरवर दिसेनासे झाले, उरली नुसती लिंक. फोटो परत यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. ऑगस्ट २०१८पासून ट्वीट आपोआप फेसबुक प्रोफाइलवर जाणंही थांबलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं मात्र गुळपीठ. मालक एकच, मेटा!

मजकुराच्या खोडी वेगळ्याच. ‘साहित्य खालच्या लिंकवर’ ही ओळ यूट्यूबवरून जशीच्या तशी इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये आली, तर तिथे लिंक सहसा दाबताच येत नाही. एक्सच्या (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या) मोफत खात्यावर मर्यादा २८० अक्षरांची, आणि त्यात काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते: ‘थालीपीठ’ आपल्याला चार अक्षरांचं, एक्सच्या हिशेबात सात. मराठी लिहिणाऱ्यांवर हा अन्यायच म्हणायचा. उभ्या व्हिडिओत तळाशी लिहिलेलं ‘अर्धी वाटी बेसन’ ॲपच्या नावा-बटणांखाली झाकलं जातं. ते पडद्याच्या मध्याकडे घ्यावं. आणि एडिट केलेली, शिक्का नसलेली मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवावी. ॲपवरून परत उतरवलेल्या व्हिडिओवर बहुतेक वेळा शिक्का बसलेला असतो.